कारकुनाचें हसूं आणि एका आईचें पत्र

मराठी वाङ्मयांत नोकरदाराचें चित्र नाहीं, असें कोणी म्हटल्यास तें खरें ठरणार नाहीं. किंबहुना आपल्या विनोदाचा अर्धा संसार कचेरीच्या मेजावरच थाटला गेला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (1964) या पुस्तकांतील धोंडोपंत जोशी हा त्या परंपरेचा मुकुटमणि होय. परंतु चित्र असणें ही एक गोष्ट आणि तें आजच्या माणसाला पुरणें ही दुसरी. माझें म्हणणें असें कीं, ज्या भूमींत हा विनोद रुजला ती भूमि आतां राहिलेली नाहीं, आणि आपल्या लेखकांनीं या पालटाची घ्यावी तितकी दखल अद्यापि घेतलेली नाहीं.

धोंडोपंत आपल्या कारकुनी आयुष्याकडे हसून पाहूं शकतात, याचें कारण काय? कारण त्यांचें काम संध्याकाळीं संपतें. कचेरी कचेरींतच राहते आणि माणूस घरीं येतो. विनोदाला दुःखापासून थोडें अंतर लागतें. तें अंतर त्या काळीं घड्याळच मिळवून देत असे. इंग्रजींतील चार्लस् लॅम याचें उदाहरण याच जातीचें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यांत 33 वर्षें लेखणी झिजवून तो 1825 सालीं निवृत्तिवेतनावर बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं त्यानें 'द सुपरॅन्युएटेड मॅन' हा निबंध लिहिला. त्यांत दास्याची व्यथा आहे. पण निरोप देतांना मालकांनीं दाखविलेल्या औदार्याबद्दल कृतज्ञताहि आहे. दास्य होतें, परंतु त्याला शेवट होता.

गिरणी कामगाराची गोष्ट निराळी. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 पासून मागणी लावून धरली, तेव्हां 1890 मध्यें मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. पुढें त्या वर्गाला नारायण सुर्वे यांच्यासारखा कवि लाभला, जयंत पवार यांचें 'अधांतर' लाभलें. म्हणजे कामगाराच्या दुःखाला वीर आणि करुण हे दोन्ही रस मिळाले. सुशिक्षित नोकराच्या वांट्याला मात्र बहुधा हास्यच आलें.

मी कोपरला राहतों. सकाळीं दिवा-वसई मार्गाच्या वरच्या फलाटावरून माणसें जिना उतरून खालीं मुंबईच्या गाडीसाठीं धांवतात. त्या गर्दींत माझे जुने विद्यार्थी भेटतात. दोन वर्षांपूर्वीं अशीच एक विद्यार्थिनी भेटली. वर्गांत 'हॅम्लेट'वर माझ्याशीं हिरिरीनें वाद घालणारी ती मुलगी. रात्रीं साडेअकराला वरिष्ठांचे हुकूम येतात, चूक झाली कीं सर्वांसमक्ष पाणउतारा होतो, असें सांगून तिनें विचारलें, "सर, सोडूं का?" मीं म्हटलें, "वर्षभर सोस. अनुभव गांठीं पडेल." तिनें सोसलें. पुढें एकदां मीं तिला विचारलें, "हल्लीं काय वाचतेस?" तिनें हातांतला मोबाईल पुढें केला. त्यावर कचेरींतले संदेश होते. "हेंच," ती म्हणाली.

जुलै 2024 मध्यें पुण्यास अर्न्स्ट अँड यंग या बहुराष्ट्रीय संस्थेंत नोकरीस लागून अवघे चार महिने झालेली 26 वर्षांची एक सनदी लेखापाल तरुणी मरण पावली. तिच्या आईनें संस्थेच्या भारतांतील प्रमुखांस लिहिलेलें पत्र सप्टेंबरांत सर्वत्र प्रसिद्ध झालें. कामाच्या ताणानें हा मृत्यु ओढवला, हें संस्थेनें मान्य केलें नाहीं. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. माझा विषय तें पत्र आहे. मुलीच्या पदवीदानासाठीं आईबाप पुण्यास आले, तर त्या दिवशींहि ती दुपारपर्यंत काम करीत राहिली आणि समारंभास उशिरा पोहोंचली. आणि तिच्या अंत्यविधीस कचेरींतून कोणीहि आलें नाहीं, असें त्या माउलीनें लिहिलें. हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवले कीं भाष्यास जागा उरत नाहीं. कथाकारानें निवड म्हणतात ती हीच. कोणत्याहि वाङ्मयीन हेतूवांचून लिहिलेल्या पत्राला जें साधलें, तें आपल्या कथा-कादंबऱ्यांना क्वचितच साधलें आहे.

कोणी म्हणेल, वाङ्मय म्हणजे तक्रारवही नव्हे. कबूल. तक्रारींसाठीं कायदा आहेच. 2017 च्या महाराष्ट्र दुकानें व आस्थापना अधिनियमानें कामाचे दिवसाला 9 तास ठरविले. 2025 मध्यें राज्य मंत्रिमंडळानें ते 10 करण्यास मान्यता दिली. पण कायदा तास मोजतो. रात्रीं साडेअकराला हातांतला मोबाईल थरथरला कीं माणसाच्या आंत काय मोडतें, हें मोजण्याचें माप कायद्यापाशीं नाहीं. तें वाङ्मयापाशींच असूं शकतें, आणि तें त्यानें बाहेर काढलें पाहिजे.

राहतां राहिला माझा सल्ला. 'सोस' हा शब्द मीं त्या मुलीला दिला, तो आयुष्याच्या अनुभवांतून कमी आणि माझ्या वाचनांतून अधिक आला होता. साहेबाची बोलणीं खाऊन घरीं येणारा आणि त्यावर चारचौघांत हंशा पिकविणारा कारकून माझ्या मनांत शहाणपणाचा नमुना होऊन बसला होता. संध्याकाळीं संपणाऱ्या दुःखासाठीं तें शहाणपण पुरेसें होतें. माझ्या विद्यार्थिनीच्या दुःखाला संध्याकाळच नव्हती, हें मला पुस्तकांनीं सांगितलें नाहीं. एका अनोळखी आईच्या पत्रानें सांगितलें. ती मुलगी अजून त्याच गाडीनें जाते. तिच्या प्रश्नाचें दुसरें उत्तर मी तिला देणें लागतों.