चाळीतला कांदा आणि पुस्तकातले चयापचय

निफाड तालुक्यातील एका शाळेत नववीच्या वर्गाशी बोलण्याचा योग आला. ‘चाळीतला कांदा श्वसन करतो का?’ असे आम्ही विचारले. बहुतेक मुलांच्या घरी कांदाचाळ. तरी उत्तर आले, ‘नाही, तो तर उपटलेला असतो.’ एका मुलीने भर घातली, ‘त्याला पाने कुठे आहेत?’ याच मुलांनी थोड्या वेळापूर्वी श्वसनाची व्याख्या बिनचूक म्हणून दाखवली होती. दोष मुलांचा नाही, त्यांच्या शिक्षकांचाही नाही. हा विषय पुस्तकांतून ज्या रीतीने मांडला जातो, तिचा तो दोष आहे असे आम्हांला वाटते.

ती रीत आपल्या परिचयाची आहे. अन्न म्हणजे इंधन, शरीर म्हणजे शेगडी. ग्लुकोज ऑक्सिजनमध्ये ‘जळते’ आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व ऊर्जा मिळते. ही उपमा टाकाऊ नाही. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात गिनीपिग बर्फाने वेढलेल्या उष्णतामापीत ठेवला, त्याची उष्णता मोजली आणि श्वसन हे मंद ज्वलनच आहे असे प्रतिपादन केले. त्या काळी ही मोठी झेप होती. पण उपमा तेथेच सोडून दिली, तर दोन गैरसमज रुजतात.

पहिला असा, की सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. प्रत्यक्षात पेशीत विकरांच्या साहाय्याने ग्लुकोजचे विघटन पायरीपायरीने होते आणि ऊर्जेचा काही भाग एटीपीच्या रेणूंत अडवला जातो. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी, हा आकडा अनेक पिढ्यांनी पाठ केला. आजचा अंदाज ३० ते ३२ आहे. पण आकड्यापेक्षा त्या पायऱ्या का आहेत, हे समजणे महत्त्वाचे.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. शेगडीत कोळसा जळतो, शेगडी तशीच राहते. सजीवात मात्र शेगडीही सतत मोडली आणि बांधली जात असते. रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस, वजन स्थिर असलेल्या प्रौढ उंदरांना जड नायट्रोजनची खूण केलेले अमिनो आम्ल खाऊ घातले. निम्म्याहून अधिक खुणेचा नायट्रोजन उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. वजन तेच, पण घडण बदलती! ‘चयापचय’ या आपल्या शब्दात चय आणि अपचय, म्हणजे भर आणि झीज, दोन्ही आहेत. पाठात मात्र बहुधा अपचयच उरतो. पचन एका प्रकरणात, श्वसन दुसऱ्यात, प्रकाशसंश्लेषण तिसऱ्यात. त्यांना जोडणाऱ्या चयापचयाच्या वाट्याला एका ओळीची व्याख्या येते.

हे सारे एका कांद्यात दाखवता येते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत काही महिने राहतो. तो जिवंत असतो, रात्रंदिवस श्वसन करतो. त्याची शिदोरी पिष्टाची नसते. साध्या शर्करा आणि फ्रुक्टन यांची असते. म्हणूनच आयोडीन टाकल्यावर बटाट्याप्रमाणे कांदा निळाकाळा होत नाही. कोंब फुटू लागला, की फ्रुक्टन मोडतात आणि त्याच साठ्यातून नवी पात घडते. म्हणजे एकाच कांद्यात एकाच वेळी अपचय आणि चय! शेतकरी ज्याला ‘घट’ म्हणतो, तिच्यात पाण्याचे बाष्पीभवन, सड आणि कोंब यांच्याबरोबर या श्वसनाचाही वाटा असतो. चाळीला खालून व बाजूंनी हवा खेळती ठेवतात, ती ओल आणि श्वसनाची ऊब निघून जावी म्हणून.

लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र सुरू झाले. तेथील गॅमा किरणांनी कोंबाच्या पेशींची विभाजनशक्ती जाते, कोंब फुटत नाही. पण कांदा मरत नाही, त्याचे श्वसन चालूच राहते. वाढ थांबणे म्हणजे चयापचय थांबणे नव्हे, हे समजावण्यास याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात. दोन्हींत वाटीभर चुन्याची निवळी ठेवावी. एकीत न सडलेले दोन-तीन कांदे ठेवावेत, दुसरी तशीच असू द्यावी. झाकणे घट्ट लावून बरण्या अंधारात ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी निवळ्यांची तुलना करावी. शिवाय एक कोंब आलेला कांदा पाण्याविना अंधारात ठेवून दर आठवड्याला तोलावा. पात वाढते आणि वजन घटते, हे पाहून मुले प्रश्न विचारतील. घटीत पाणी किती आणि शर्करा किती, हा त्यांतला पुढचा प्रश्न. मोठ्या मुलांनी कांदे चिरून, पूर्ण वाळवून त्याचे उत्तर शोधावे.

ज्या मुलाच्या घरचा वर्षाचा हिशेब चाळीतल्या घटीवर ठरतो, त्याला पाठ्यपुस्तकातील श्वसन आणि घरचा कांदा या दोन वेगळ्या गोष्टी वाटाव्यात, ही आपल्या विज्ञान-शिक्षणातील घट आहे. ती कमी करणे आपल्या हाती आहे.