हॉपकिन्स यांचा ‘सिलियन’

येशूसंघीय कवी फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांचे ‘द विंडहोव्हर’ हे सुनीत आपल्या वाचकांपैकी काहींनी महाविद्यालयात अभ्यासले असेल. १८७७ च्या मे महिन्यात, गुरुदीक्षेपूर्वी काही महिने, वेल्समध्ये ते लिहिले गेले. ‘विंडहोव्हर’ हे वाऱ्यावर अधांतरी ठाण मांडणाऱ्या लहान ससाण्याचे बोलीतले नाव. त्याचा अर्थ तरी शब्दातच दिसतो. शेवटच्या तीन ओळींतला ‘सिलियन’ मात्र वाचकाला अडवतो.

टिपांत त्याचा अर्थ बहुधा ‘नांगराचे तास’ एवढाच दिलेला असतो. आम्हांला तो अपुरा वाटतो. आजच्या फ्रेंच भाषेत याच कुळातल्या शब्दाचा अर्थ तास असा आहे, हे खरे. परंतु जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात आलेला आणि मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत ‘सेलिओ’ म्हणून नोंदला गेलेला हा शब्द तेथे निराळ्या वस्तूला लागला. त्या काळच्या बिनकुंपणाच्या मोकळ्या शिवारात शेतकऱ्याच्या वाट्याला लांबट, अरुंद पट्ट्या येत, त्याही विखुरलेल्या. दोन तासांमधली, वर्षानुवर्षांच्या नांगरणीने उंचावलेली अशी पट्टी म्हणजे ‘सेलियन’. तिचे क्षेत्रफळ ठरलेले नसे. आपल्याकडील शब्दांत सांगायचे तर तो सरीपेक्षा वरंब्याला जवळचा.

कोणी म्हणेल, कवीला येथे ‘बिलियन’ आणि ‘व्हर्मिलियन’ यांच्याशी जुळणारे यमक हवे होते, इतकेच. यमकाची ओढ आम्ही नाकारीत नाही. पण शब्दांची निवड हॉपकिन्स बेफिकिरीने करीत नसत. बोलींचे शब्द जमवण्याचा त्यांना छंद होता. त्यांनी टिपलेले काही आयरिश शब्द त्यांच्या मृत्यूनंतर जोसेफ राइट यांच्या इंग्रजी बोलीकोशात आले.

चकाकते काय, नांगर की उलथलेली माती, यावरही दुमत आहे. ओळीचा अन्वय आम्हांला नांगराच्या बाजूने दिसतो. मातीत घासून घासून फाळ उजळतो, हे शेतकऱ्याला कोशात पाहावे लागत नाही.

आता हा नांगर ‘तासा’तून चालतो म्हटले, तर नुसते कष्टाचे चित्र उभे राहते. तो ‘पट्टी’वरून चालतो म्हटले, की ते कष्ट नेमून दिलेल्या वाट्यावरचे होतात. १८६८ मध्ये संघात जाण्यापूर्वी स्वतःच्या कविता जाळणाऱ्या, पुढे वरिष्ठांनी पाठविले तेथे राबलेल्या आणि १८८९ मध्ये वारलेल्या या धर्मगुरूच्या बहुतेक कविता १९१८ पर्यंत अप्रकाशितच होत्या. आकाशातल्या पक्ष्यानंतर त्याची नजर खाली, अशा जमिनीकडे का वळली, हे ‘तास’ या अर्थाने नीट उलगडत नाही.

म्हणून या सुनीताचा मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘तास’ लिहू नये, ‘वाट्याची पट्टी’ लिहावे, असे आम्ही सुचवू. यमक मात्र त्याला दुसरीकडे शोधावे लागेल.