पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

न्यायपत्र हेही एक लिखाणच असते आणि कथा-कवितेची करतो तशीच त्याचीही समीक्षा झाली पाहिजे. माझ्या वडिलांना समन्स आले की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. मला वाचता येते, तेव्हा निदान नीट वाचावे.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. घटना 26 मार्च 1972 च्या रात्रीची, देसाईगंज पोलीस ठाण्यातली. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, 1982 पासून गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, मजुरी करणारी, वय चौदा ते सोळा. (तिचे नाव या खटल्याला कायमचे चिकटले आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही.) भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढले, तिला थांबवून घेतले. दिवे मालवले गेले, दार आतून लागले. नातेवाईक बाहेर उभे.

सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवले. नागपूर खंडपीठाने निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे असे म्हणून दोन्ही पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयापुढे बचाव असा की परिस्थितीवरून संमतीच दिसते. न्यायालयाने तो मान्य केला. अंगावर जखम नाही, ओरडल्याचे म्हणणे रचलेले. शिवाय गुन्ह्याचा प्रत्येक घटक सरकारपक्षानेच शाबित करायचा, ते ओझे कधीही सरकत नाही.

हे तत्त्व चुकीचे आहे काय? मुळीच नाही. गरीब आरोपीला तुरुंगाबाहेर ठेवणारे तेवढेच एक कुंपण आहे. पण याच 1872 च्या पुरावा कायद्यात आणखी दोन कलमे होती. 105 व्या कलमाप्रमाणे जो अपवादाचा आधार घेतो त्याने तो अपवाद शाबित करायचा, आणि 106 प्रमाणे जी गोष्ट विशेषेकरून एखाद्यालाच ठाऊक, ती त्याने सांगायची. मुंबईच्या नानावटी खटल्यात 1961 साली याच न्यायालयाने 105 वे कलम बारकाईने उलगडले. बंद शयनगृहात झटापटीत गोळी सुटली, असे नौदलाचा अधिकारी म्हणाला. न्यायालय म्हणाले, अपघात होता तर तुम्ही दाखवा. आत काय झाले ते सांगणारा तोच एक जिवंत होता.

आता ठाण्यातली ती खोली बघा. संमती नसणे हा गुन्ह्याचाच घटक, म्हणून कायद्याच्या काटेकोर भाषेत 105 तिथे लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. पण दाराची कडी कोणाच्या हातात होती? दिवे कोणाच्या ताब्यात होते? जिच्या हाती काहीच नव्हते तिच्या अंगावरच्या जखमा मोजल्या गेल्या. गणवेशाचे भय हा शब्द न्यायालयाला सुचला नाही.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले. 1983 मध्ये 114-अ हे कलम आले. कोठडीतील बलात्कारात संबंध शाबित झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने कोर्टात सांगितले, की न्यायालय तसेच गृहीत धरील. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद आहे. ज्याच्या हातात कडी, त्याच्या डोक्यावर ओझे. ही दुरुस्ती मला न्याय्य वाटते ती एवढ्यासाठीच.

म्हणूनच आपल्यातले काही कार्यकर्ते ‘आरोपीनेच सिद्ध करावे’ असे सरसकट म्हणू लागतात तेव्हा मी त्यांना भामरागडकडे बघायला सांगतो. ‘त्या वेळी मी तिथे नव्हतो’ असे म्हणणाऱ्याने आपण दुसरीकडे होतो हे दाखवावे, असे कायदा म्हणतो. शहरातला माणूस तिकीट आणील, हजेरीपट दाखवील. माडिया माणूस जंगलात मोहफुले वेचत होता, तर त्याची पावती कोणती? साक्षीदार त्याच्याच गावचे, बोली माडिया, कोर्टाचे कामकाज मराठीत. आरोपीने निःसंशय सिद्ध करायचे नसते, त्याचे म्हणणे संभाव्य वाटले तरी पुरते. ही सवलत पुस्तकात आहे, पण दुभाष्याच्या तोंडून ती संभाव्यता कितीशी उरते?

त्यात बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे 2008 साली घातलेले 43-ई हे कलम. आरोपीच्या ताब्यातून शस्त्र मिळाले हे शाबित झाले आणि ते त्या कृत्यात वापरले असे मानण्यास कारण असले, की उलट शाबित होईपर्यंत गुन्हा त्यानेच केला असे गृहीत धरायचे. वरवर पाहता 114-अ चेच भावंड. पण जप्तीचा पंचनामा कोण लिहितो? पंच कोण आणतो? कडी इथेही ठाण्याच्याच हातात आहे, आणि ओझे मात्र माडियाच्या डोक्यावर.