दहावे कडवे : संबंदरांची परधर्मटीका कशी वाचावी

कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराचे शिवमंदिर आहे. बालकवी तिरुज्ञानसंबंदर रणरणत्या उन्हात तेथे दर्शनाला निघाले, तेव्हा शिवाने त्यांच्यावर मोत्यांचा मांडव धरविला आणि त्यांना दुरूनच दर्शन व्हावे म्हणून नंदीला बाजूला सरायला सांगितले, अशी कथा आहे. आनी महिन्यात या मांडवाचा उत्सव होतो. कोणत्याही धर्माच्या माणसाला आवडावी अशी ही गोष्ट आहे. पण याच कवीच्या स्तोत्रांत एक भाग असा आहे की तेथे आजचा वाचक अडखळतो. या पाठात आपण तेवढाच भाग पाहणार आहोत.

संबंदर ७व्या शतकातले. तेवारम् या शैव स्तोत्रसंग्रहाचे पहिले तीन भाग त्यांचे आहेत. त्यांच्या पदिगमाची, म्हणजे स्तोत्राची, घडण बहुधा ठरलेली असते. आठव्या कडव्यात कैलास उचलणारा रावण चिरडला जातो, नवव्यात ब्रह्मा आणि विष्णू यांना शिवाचा आदि-अंत सापडत नाही, अकराव्यात कवीचे नाव आणि फलश्रुती येते. दहावे कडवे जैन आणि बौद्ध भिक्षूंच्या निंदेसाठी राखलेले असते. ते केस उपटतात, उघडे फिरतात, उभ्याने जेवतात, अंघोळ करीत नाहीत. बौद्ध भगवी वस्त्रे पांघरून सकाळीच भाताच्या मागे लागतात. त्यांचे ऐकू नका. नदी, शेते, भ्रमर आणि कमळे यांनी भरलेल्या स्तोत्रात हे कडवे एकदम खरखरीत लागते.

यातली माहिती बहुतांशी खरी आहे, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. दिगंबर मुनी केशलोच करतात, उभे राहून हाताच्या ओंजळीत आहार घेतात आणि स्नान करीत नाहीत. कवीने खोटे रचलेले नाही. त्याने आचार सांगितला आणि त्यामागचे कारण गाळले. केस हाताने उपटणे हे देहाच्या मोहावर मात करण्याचे व्रत आहे, ओंजळीत खाणे हे भांड्याचासुद्धा परिग्रह नको म्हणून आहे. कारण काढून घेतले की कोणाचाही आचार हास्यास्पद दिसतो. शैवांचे भस्मही त्याला अपवाद नाही. संपूर्ण कडव्यात जैनाला स्वतःच्या बाजूने एक वाक्यही बोलायला मिळत नाही. आपल्या शास्त्रपरंपरेच्या भाषेत सांगायचे तर येथे पूर्वपक्षच नाही, मग खंडन कशाचे करणार?

संबंदर या भिक्षूंच्या प्राकृताची आणि बेढब उच्चारांचीही टिंगल करतात. इंदिरा पीटरसन यांनी दाखवले आहे की श्रमणांना तमिळ जीवनाबाहेरचे ठरविणे हा या निंदेचा गाभा आहे. तमिळमधली जैनांची ग्रंथरचना पाहता हा आरोप तर फारच लंगडा आहे.

संबंदरांनाही मात्र न्याय द्यायला हवा. स्तोत्र हा वादग्रंथ नव्हे; ते देवळात गाण्यासाठी, आपली माणसे एकत्र बांधण्यासाठी आहे. राजाश्रयासाठी तेव्हा चुरस होती आणि परंपरेनुसार मदुरेचा पांड्य राजा जैन होता. मदुरेत वादात हरलेल्या आठ हजार जैनांना सुळावर चढवल्याची कथा सविस्तर येते ती १२व्या शतकातल्या सेक्किळारांच्या पेरियपुराणात. संबंदरांच्या स्वतःच्या पदांत तिचे वर्णन नाही. त्या संहाराचे दोषपत्र ७व्या शतकातल्या कवीवर ठेवता येत नाही. मात्र पाच शतकांनंतरच्या भक्तांना ही कथा अभिमानाने सांगावीशी वाटली, हे त्या परंपरेबद्दल बरेच सांगून जाते आणि त्यावर टीका व्हायलाच हवी.

याच तमिळ प्रदेशात टीकेची दुसरी रीतही होती. मणिमेखलै हे बौद्ध काव्य. त्याच्या २७व्या सर्गात नायिका वंजी नगरीत वैदिक, शैव, वैष्णव, आजीवक, जैन, सांख्य, वैशेषिक, भूतवादी अशा आचार्यांना भेटते आणि त्यांची मते ऐकून घेते. सर्वांना सारखी जागा मिळत नाही, निकालही आधीच ठरलेला आहे. तरी विरोधक बोलतात. नीलकेशी या जैन काव्यात टीका याहून धारदार आहे. अहिंसा मानणारा बौद्ध, स्वतः मारले नाही म्हणून मांस खात असेल, तर खाणाऱ्यासाठीच मारले जाते त्याचे काय, असा तिचा सवाल आहे. हा घाव वर्मी लागतो, कारण तो बौद्धाच्याच तत्त्वावर उभा आहे. ज्या कुंडलकेशी या बौद्ध काव्याला उत्तर म्हणून नीलकेशी रचली गेली ते आज जवळजवळ लुप्त आहे. त्याचे काही अंश उरले ते नीलकेशीच्या भाष्यात. शत्रूचे शब्द टीकाकाराने जपले! दहाव्या कडव्यांतून जैन मताची अशी एकही ओळ परत मिळवता येणार नाही.

मराठी वाचकाला येथे एकनाथांचा हिंदु-तुर्क संवाद आठवेल. त्यात दोघेही एकमेकांच्या देवकथा आणि आचार बिनदिक्कत उकरून काढतात, भाषा मुळीच मवाळ नाही, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. माझ्या मते त्यातला समेट थोडा सोयीचा आहे, कारण तो अद्वैताच्या अंगणात होतो. पण तुर्काला तोंड आहे आणि त्याचे प्रश्न ब्राह्मणाला खरोखर अडचणीत आणतात. आदर म्हणजे गोड बोलणे, असे मानणाऱ्यांनी हा संवाद अवश्य वाचावा.

संबंदरांनंतर सुमारे तीन शतकांनी, पट्टीश्वरम् ज्यांच्या राज्यात होते त्या चोळांच्या पहिल्या राजराजाने तंजावरच्या मोठ्या देवळात शैव स्तोत्रे गाण्यासाठी ४८ गायक नेमले. त्याच राजाने १००६च्या सुमारास नागपट्टिणमच्या बौद्ध विहारासाठी आनैमंगलम् गावाचे उत्पन्न लावून दिले. दहावे कडवे गाणारे आणि ज्यांच्याविषयी ते गायले जाई ते, दोघेही त्याच खजिन्यावर जगत होते.