संहिता, पदच्छेद आणि कर्नलमधील प्रोब

पदच्छेद हे अर्थनिर्णयाचे पहिले पाऊल होय, हे भाषाभ्यासकास नव्याने सांगावयास नको. ऋग्वेदाच्या शाकल्यकृत पदपाठातील एका पदच्छेदावर यास्काने निरुक्तात आक्षेप घेतला, तो स्वर आणि अर्थ या दोहोंच्या आधारे. कोकणातील खोतीचे मोडी कागद वाचणारासही हाच प्रश्न पडतो. शब्दांमध्ये जागा न सोडता ओढलेल्या ओळीत ‘नवसाचा’ हे एक पद की ‘नव साचा’ ही दोन, हे मागचेपुढचे पाहूनच ठरवावे लागते. संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न अत्यंत काटेकोर स्वरूपात उभा राहतो तो लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलमधील ‘केप्रोब्ज’ या भागात. त्याच्या वाचनपद्धतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आयबीएममधील वम्सी कृष्ण एस. यांनी २००२ साली रचलेली ही व्यवस्था २००४ साली लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीत आली. चालू कर्नल न थांबविता त्यातील हव्या त्या आज्ञेपाशी प्रोब बसवावयाचा आणि तेथून जाणाऱ्या कामाची नोंद घ्यावयाची, हे तिचे कार्य. इंटेलच्या एक्स-८६ कुळात त्यासाठी आज्ञेच्या पहिल्या बाइटच्या जागी ‘सीसी’ हा बाइट लिहितात. प्रोसेसर तेथे पोहोचला की अडतो, नोंद होते, आणि मूळ आज्ञेची अन्यत्र केलेली नक्कल चालवून काम पुढे जाते.

अडचण अशी की, या कुळातील आज्ञा १ पासून १५ बाइटांपर्यंत कितीही लांबीची असू शकते आणि दोन आज्ञांच्या मध्ये विरामचिन्ह नसते. एक उदाहरण घेऊ. ‘बी८ ०५ ०० ०० ००’ हे पाच बाइट मिळून एक आज्ञा होते. तिचा अर्थ, एका ठरावीक कोठ्यात ५ ही संख्या ठेवावी. आता कोणी चुकीने दुसऱ्या बाइटावर प्रोब बसविला, तर ‘०५’च्या जागी ‘सीसी’ येईल. प्रोसेसर अडणार नाही, कारण तेथे तो आज्ञा वाचीत नसून संख्या वाचीत असतो. तो निमूटपणे ५ऐवजी २०४ ही संख्या कोठ्यात ठेवील आणि पुढे जाईल. तीच खूण पदारंभी आज्ञा आहे आणि पदमध्यात निव्वळ अंक. यंत्र तत्काळ बंद पडले असते तर ते सुदैवच म्हणावयाचे; येथे चूक बोलतच नाही.

या संकटावर केप्रोब्जने योजिलेला उपाय मोठा शास्त्रशुद्ध आहे. मधूनच वाचावयास आरंभ करावयाचा नाही. ज्या फंक्शनमध्ये ते स्थळ येते त्याच्या आरंभापासून एकेक आज्ञा सोडवीत जावयाचे, आणि अपेक्षित स्थळ नेमके आज्ञेच्या आरंभी आले तरच प्रोब बसवावयाचा. वाटेत पूर्वीच्या प्रोबने घातलेला ‘सीसी’ भेटल्यास त्याखालील मूळ बाइट जपून ठेवलेल्या प्रतीतून आणून मगच वाचन होते. आणि दुसऱ्याच एखाद्या साधनाने घातलेला, मूळ पाठ उपलब्ध नसलेला ‘सीसी’ आढळला, तर कर्नल तर्क लढवीत नाही. सरळ नकार देतो. १९६६ साली पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने मूळ पाठ व प्रक्षेप यांतील जो विवेक आपणांस शिकविला, त्याच जातीचा हा विवेक आहे.

तथापि सर्वत्र तो सारख्याच दक्षतेने पाळला गेला आहे, असे म्हणवत नाही. नक्कल केलेली आज्ञा चालवून झाल्यावर पुन्हा न अडता मूळ वाटेवर थेट उडी घेता येईल काय, हे ठरविणारा एक भाग या व्यवस्थेत आहे. २०२१ सालच्या एका दुरुस्तीने त्यातील दोष उघड केला. त्या भागात आज्ञेच्या बाइटाचा उत्तरार्ध पुसून केवळ पूर्वार्ध शिल्लक ठेवला जाई, आणि मग ‘हा बाइट एफएफ आहे काय?’ असे विचारले जाई. उत्तरार्ध शून्य केल्यावर तो एफएफ कधीच असणार नाही. क, ख, ग, घ या सर्वांस ‘क’ म्हणावयाचे ठरवून नंतर ‘हा घ आहे काय?’ असे विचारावे, तसाच हा प्रकार. दुरुस्तीने अर्धवट बाइटाची ही कसोटी काढून पूर्ण बाइटांचे पल्ले मांडले.

दोष लहान, पण त्याचे कारण विचारार्ह आहे. २००९ साली मासामी हिरामात्सू यांनी या कामासाठी एक स्वतंत्र आज्ञावाचक रचला. त्याचा कोश एका तक्त्यात असून त्यावरून सारण्या यंत्रानेच तयार होतात. असे असता शेजारीच दुसरी, हाताने लिहिलेली यादी वावरत राहिली. आज्ञेची लांबी सांगणारा कोश तिचा परिणाम सांगत नाही, म्हणून दुसरी यादी लागते, हा युक्तिवाद खरा आहे. परंतु एकाच भाषेचे दोन कोश दोन ठिकाणी ठेवले की त्यांच्यात विसंवाद उपजतो. तेव्हा परिणामांचे ज्ञानही त्याच मूळ तक्त्यात नोंदविणे इष्ट.

मग सर्व आज्ञा समान लांबीच्या केल्या तर प्रश्न मिटतो काय? आय.आय.टी. मुंबईने २०१९ साली जाहीर केलेला ‘अजित’ हा प्रोसेसर स्पार्क आज्ञासंचाच्या आठव्या आवृत्तीवर आधारलेला आहे. तेथे प्रत्येक आज्ञा नेमकी ३२ बिटांची. पदे आयतीच सुटी मिळतात. परंतु स्पार्कमध्ये उडीच्या आज्ञेनंतरची आज्ञा, सामान्यतः, उडी प्रत्यक्ष होण्यापूर्वीच चालते. म्हणजे पद सुटले तरी अन्वय शेजारच्या पदावर अवलंबून राहतो. लिनक्समध्ये स्पार्कसाठी प्रोबची सोय आहे ती ६४-बिट शाखेपुरती. तेथे ‘पुढची’ आज्ञा कोणती हे वेगळे जपून ठेवावे लागते आणि नकलेच्या मागोमाग अडविणारी दुसरी आज्ञा बसवावी लागते. ‘अजित’सारख्या ३२-बिट प्रोसेसरासाठी ही सोय करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हेच काम नव्याने करावे लागेल. पदच्छेद सोपा आहे म्हणून त्याने अन्वयाकडे दुर्लक्ष केल्यास यंत्र चालेल, परंतु वाट चुकेल.

सारांश, केप्रोब्जची थोरवी तिच्या वेगात नसून तिच्या नकारात आहे. आरंभापासून वाचावे, प्रक्षेप ओळखावा, आणि उलगडा होत नसेल तेथे हात लावू नये, हा तिचा दंडक. जेथे तो पाळला गेला तेथे ती निर्दोष ठरली. जेथे अर्धे अक्षर पाहून पूर्ण अक्षराचा निवाडा करण्यात आला, तेथे ती चुकली. मोडी कागदावर अंदाजाने शब्द बसविणाऱ्या वाचकासही याहून वेगळा उपदेश करता येणार नाही.