वस्तुमान वर्णपटमापन आणि लसणातील नैसर्गिक संयुगे : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

वनस्पतींच्या ऊतींतील नैसर्गिक संयुगे ओळखण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री अर्थात वस्तुमान वर्णपटमापन ही पद्धती आज सर्वमान्य झाली आहे. अत्यल्प नमुन्यावरून रेणूचे वस्तुमान सांगण्याचे तिचे सामर्थ्य वादातीत आहे. तथापि उपकरणाने दाखविलेले संयुग मूळ ऊतीत होतेच, हे गृहीतक सदोष ठरते. लसूण हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१८९२ साली जर्मनीत सेम्लर यांनी वाफेच्या ऊर्ध्वपातनाने लसणाचे तेल मिळविले. त्यात डायअलिल डायसल्फाइड प्रमुख होते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो व बेली यांनी सामान्य तापमानास अल्कोहोलने अर्क काढला असता ॲलिसिन हे जिवाणुरोधक संयुग हाती आले. १९४८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्टोल व सीबेक यांनी अतिशीत तापमानात ॲलिइन वेगळे केले. लसूण तोच, पद्धतीगणिक उत्तर मात्र निराळे!

यामागील कारण स्पष्ट आहे. अखंड पाकळीत ॲलिइन आणि ॲलिइनेज हे विकर पेशीच्या भिन्न कप्प्यांत असतात. पाकळी ठेचताच दोहोंचा संयोग होऊन ॲलिसिन तयार होते. हा ताजा अर्क वायू वर्णलेखनाच्या तप्त कक्षात सोडला, की १६२ वस्तुमानाचे ॲलिसिन विघटित होते. त्यातून निघालेले ७२ वस्तुमानाचे दोन तुकडे जुळून १४४ वस्तुमानाची व्हिनिलडायथीन संयुगे बनतात. संगणकीय संग्रह त्यांना अचूक नाव देतो. परंतु ती ताज्या लसणातील नसून तप्त कक्षात घडलेली असतात. शिवाय समान वस्तुमानाची अनेक समघटक संयुगे संभवत असल्याने, प्रमाणित नमुन्याशी तुलना केल्याविना संग्रहातील साधर्म्य हा पुरावा नव्हे, केवळ संकेत ठरतो.

औषधी गुणांचे दावे अशाच याद्यांवर उभे राहतात, म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अखंड शिजविलेल्या पाकळीत उष्णतेने विकर निष्क्रिय होते. तेव्हा ठेचलेल्या कच्च्या लसणाचे गुण तिला सरसकट लावता येत नाहीत.

सारांश, ऊती कशी कापली, किती वेळ ठेवली व कोणत्या तापमानास तपासली, या नोंदींविना संयुगांची यादी अपूर्ण होय. वर्णपट केवळ उपकरणात पोहोचलेल्या पदार्थाची साक्ष देतो. तो ऊतीत होता की वाटेत घडला, हे ठरविण्याची जबाबदारी संशोधकाचीच असते.