अनोळखी गीताचा श्रोता

न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्यावर १९७३ साली हिली क्रिस्टल यांनी ‘सीबीजीबी’ हे मद्यगृह उघडले. तेथे येणाऱ्या वाद्यवृंदांना मुख्य दंडक होता : गीते स्वतःचीच हवीत. रामोन्स, टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स हे रॉक संगीताचे वृंद याच अरुंद मंचावरून नावारूपास आले. दंडक कलावंतांना घातलेला असला, तरी कसोटी लागे ती श्रोत्याची. परिचित गीताला दाद देताना आपण बहुधा स्वतःच्या आठवणींनाच दाद देत असतो. अनोळखी गीतापुढे मात्र आपली अभिरुची एकटी उभी असते. तेथे उसनी कीर्ती कामी येत नाही. भाड्याच्या वादातून २००६ साली ते दार बंद झाले. महानगरातील असे लहान मंच मिटले, तरी गायकांना कदाचित दुसरी जागा मिळते. स्वतःच्या कानांवर विसंबायला शिकलेला श्रोता मात्र पोरका होतो.